हनुवटीखालची ओळ

किमतीची चिकटपट्टी नेमकी डोळ्यावर बसली होती — पांढरी, बोटाच्या पेराएवढी, एक कडा जराशी उचललेली — आणि त्यामुळे तांदळाच्या पाकिटावरची ती हसणारी बाई एकाच डोळ्याने हसत होती. शेजारच्या पाकिटावर पट्टी तिच्या कपाळावर, त्याच्या शेजारच्यावर गालावर, खालच्या फळीवरच्या एका पाकिटावर थेट ओठांवर... आणि शलाकाला वाटलं, आपण रोज इथे उभं राहतो, रोज हाच रॅक पाहतो, आणि हे आज दिसलं. म्हणजे पाहणं हेच ज्याचं काम, त्या माणसालासुद्धा— पण तेवढ्यात रॅकपाशी कुणीतरी आलं आणि विचार तिथेच राहिला.

हेल्मेट कोपरात अडकवलेला एक माणूस. त्याने हात पुढे केला, मागे घेतला, मग हिरव्या पानाचं चित्र असलेलं पाकीट उचललं, उलटं केलं, मागचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ नेला, ते पाकीट होतं तिथे नीट ठेवलं आणि निघता निघता, जणू घरून ठरवूनच आला होता अशा सहजपणे, हसणारी बाई उचलून टोपलीत टाकली. टोपलीत ती उताणी पडली. वर बटाट्यांची पिशवी.

शलाकाने मोबाइलमधल्या तक्त्यात खुणा केल्या. पहिला हात कुठे गेला, पाकीट उलटून पाहिलं का, शेवटी काय नेलं. शेवटचा रकाना होता ‘का’. तो दुकानाच्या दाराबाहेर, त्या माणसाला थांबवून, विचारून भरायचा. आणि तिथे लोक जे सांगत ते खोटं नसे, पण ते तोंडाचं उत्तर असे, हाताचं नव्हे. हात आत असतानाच काय ते सांगून मोकळा झालेला असे.

तिला हे हात आवडत. हे ती कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं तर विचित्र वाटलं असतं; पण सहा-सात वर्षं अशा दुकानांतून उभं राहिल्यावर तिला माणसांबद्दल जो काही आदर उरला होता, तो या हातांमुळेच. घरी सासूला मधुमेह आहे म्हणून साखरेच्या रॅकपुढून न थांबता जाणारी बाई, आणि मग परत येऊन, स्वतःसाठी म्हणून गुळाची सगळ्यात लहान ढेप उचलणारी. मुलाच्या डब्याचा विचार करत बिस्किटांपुढे डोळे मिटून उभा राहिलेला तो गृहस्थ — खरंच मिटून, देवापुढे उभं राहावं तसा. लोक म्हणतात, माणसं विचार न करता विकत घेतात. तिला तसं कधीच दिसलं नव्हतं. त्या दोन फुटांच्या अंतरात, रॅक आणि टोपली यांच्यामध्ये, अख्खं घर उभं असे. आणि माणूस त्या सगळ्यांचं ऐकून घेऊन हात पुढे करत असे. मी पाहते तेव्हा मला त्यांच्यातलं सगळ्यात चांगलं दिसतं, असं तिला वाटे, कारण त्यांना माहीतच नसतं की कुणी पाहतंय.

शिरगावातलं हे दुकान सनीचं. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. ते अजून चालू होतं, पण बदलापूर पूर्वेला इमारतींमागून इमारती उठताना पाहून सनीने इथे हे थंड हवेचं, काचेच्या दाराचं दुकान टाकलं होतं. शलाकाचं काम ज्यांच्या हाताखाली चाले त्या प्रतिभा मॅडमनी अभ्यासासाठी विचारलं तेव्हा त्याने लगेच एक फळी मोकळी करून दिली. अभ्यास साधा होता, निदान सांगायला. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या बायकांचा गट फवारणी न करता, घरचंच बियाणं धरून भात पिकवतो; त्याचा लालसर, पॉलिश न केलेला तांदूळ. तोच तांदूळ तीन वेगवेगळ्या पाकिटांत भरायचा. एकावर नुसतं हिरवं पान. दुसऱ्यावर माहिती — फवारणी नाही, रासायनिक खत नाही, माती आणि ओढ्याचं पाणी सांभाळून पिकवलेला. तिसऱ्यावर चेहरा. आणि मग पाहायचं, की जमिनीला कमी त्रास देणारं अन्न माणूस कशामुळे उचलतो.

निकाल सगळ्यांना कळून चुकला होता. पान फिरून फिरून परत रॅकवर येई. माहितीचं पाकीट लोक वाचत, मान डोलवत, आणि ठेवून देत. चेहरा मात्र जाई.

“मॅडम, फोटोवाली बाई भागती है,” सनी शलाकाला म्हणाला होता. “पानवाला कोणी बघत पण नाही. माझ्या बायकोने पण तोच नेला. मैं बोला, अरे, अंदर माल एकच आहे. बोलली, असू दे, ही बरी वाटते.”

सकाळीच प्रतिभा मॅडमचा फोन आला होता. ठाण्याच्या एका मोठ्या दुकानसाखळीने विचारणा केली होती. त्यांना फक्त चेहऱ्याचंच पाकीट हवं होतं, सगळ्या शाखांसाठी, कायमचं. गटाकडे पोती भरून पडली होती, पुढच्या हंगामाचंही बोलणं होईल अशी आशा होती. पण आधी घेतलेली परवानगी या एका दुकानापुरती होती. “आपल्या फोटोतल्या नवसीताई आज टेम्पोबरोबर स्वतः येतायत,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना दुकान बघायचंय म्हणे. नवीन परवानगीबद्दल तू बोल. सगळं सांग — कुठे कुठे जाईल, किती जण बघतील. घाई करू नकोस. नाही म्हणाल्या तर नाही.”

नाही म्हणाल्या तर नाही. हे वाक्य मॅडम इतक्या साधेपणाने म्हणत की नव्या माणसाला ते नुसतं तोंडदेखलं वाटावं. शलाकाला अनुभव होता. एकदा, आधीच्या एका अभ्यासात, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावर शेवटी सांगितलं, माझं काही लिहू नका. आणि मॅडमनी त्यांच्यासमोर कागद फाडून, त्यांच्याच घरच्या केराच्या टोपलीत टाकला होता. मग चहा घेतला आणि दुसऱ्या घरी गेल्या.

पण चेहरा... चेहऱ्याचं वेगळं असतं. शलाका रॅककडे पाहत राहिली. एका डोळ्याने हसणारी बाई, कपाळावर किंमत लावलेली बाई. आणि कारण नसताना तिला अंबरनाथ पूर्वेचा तो चौक आठवला, दहावीचा निकाल लागल्यानंतरचा, आणि शिकवणीवाल्यांनी लावलेला तो भलामोठा फलक — तिचा चेहरा, गळ्यात चित्रातला हार, खाली ‘आमची गुणवंत’. सगळे अभिनंदन करत होते आणि ती मागच्या गल्लीतून ये-जा करत होती, कारण चौकातून जाताना तो चेहरा तिच्याकडे पाही आणि तिला वाटे, ही कोण? मी तर अशी कधी हसत नाही. मग पुढच्या वर्षी आईबरोबर कॅम्प दोनला कापड घ्यायला गेली असताना एका हातगाडीवर कांद्यांवर झाकलेलं त्या फलकाचं कापड... त्यावर अर्धा चेहरा, तिचाच, नाकापासून हनुवटीपर्यंत, आणि दोरी बांधायला गालात पाडलेलं भोक. आई हसली. आईने कांदेवाल्याला सांगितलं, “ही माझीच मुलगी हो.” त्याने कापडाकडे पाहिलं, मग शलाकाकडे पाहिलं, पुन्हा कापडाकडे पाहिलं, आणि भलेपणाने मान हलवली, पण त्याला पटलं नाही हे तिला स्पष्ट दिसलं. त्या दिवसापासून ती फोटोत मागच्या रांगेत उभी राहू लागली. पुढे पाहण्याचंच काम तिने धरलं, त्याचा आणि याचा काही संबंध असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि लगेच नकोसंही वाटलं.

टेम्पो दुपारी आला. नितीनने पोती उतरवायला घेतली; तो नवसीताईंचा पुतण्या, तिशीतला, गटाचा माल वाहण्यासाठीच त्याने टेम्पो घेतला होता. आणि पुढच्या दाराने, काचेला हात लावावा की नाही असं काहीही मनात न आणता, दार ढकलून नवसीताई आत आल्या.

शलाकाने त्यांना आधी फक्त फोटोत पाहिलं होतं. फोटोत त्या जमिनीच्या जवळच्या, बुटक्या वाटत. प्रत्यक्षात उंच होत्या, खांदे रुंद, नाकात मोठी चमकी, आणि साडी लग्नाला नेसावी तशी, कडक. दुकानाच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी आधी वर दिव्यांकडे पाहिलं, मग थंड हवेच्या यंत्राकडे, मग विचारलं, “कनच्या बाजूला हाय मी?”

शलाकाने रॅक दाखवला.

त्या पुढे गेल्या आणि उभ्या राहिल्या. शलाका त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती — सवयच ती — आणि वाट पाहत होती लाजेची, किंवा त्या ओशाळ्या हसण्याची, जे माणसं स्वतःचा फोटो पाहताना हसतात. तसं काही झालं नाही. नवसीताईंनी स्वतःकडे असं पाहिलं, जसं बाजारात एखादी बाई चांगलं वांगं पाहते: डोकं जरा मागे घेऊन, पारखून. मग फोटोत पदर ज्या खांद्यावर होता त्याच खांद्यावर त्यांनी आताचा पदर सारखा केला.

“बरी दिसतंय,” त्या म्हणाल्या. “ह्यो फोटो काढला ना, तवा तो फोटोवाला चिखलात रुतला हुता गुडघ्यापत्तर. म्हनून हसतंय मी. त्याला वाटला, त्याच्यासाठी हसतंय.”

शलाकाला हसू आलं, मोकळं. आणि त्याच वेळी आत कुठेतरी हेवा वाटला, स्वच्छ, न टोचणारा हेवा: की हिला आपल्या हसण्याचं कारण आठवतं. चेहरा पाकिटावर गेला, किंमत त्यावर बसली, तरी हसणं हिचंच राहिलं. माझं तर तेव्हाच गेलं होतं... फलक उतरायच्याही आधी.

नवसीताईंनी डोळ्यावरच्या पट्टीवर नख लावलं, ती अलगद सोडवली आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर नेऊन चिकटवली. मग दुसऱ्या पाकिटाची. गल्ल्यावरून सनी म्हणाला, “भाभी, वो मशीन से लगता है, कुठे पण बसतं.” त्या म्हणाल्या, “मंग मशीनला सांग, डोलं सोडून लाव.” सनी हसला. त्याने त्यांना ओळखलं नव्हतं. फोटो रोज त्याच्या समोर होता आणि बाई त्याच्या समोर होती.

तेवढ्यात ती मुलगी आली. पंचविशीची, कानात इअरफोन, हातात टोपली, बोलत बोलत. नवसीताई रॅक अडवून उभ्या होत्या. “काकी, जरा...” असं म्हणून तिने वाट मागितली, नवसीताई बाजूला सरल्या, आणि मुलीने त्यांच्या हाताजवळचं चेहऱ्याचं पाकीट उचललं. तिचं बोलणं चालूच होतं. “हो गं आई, तोच घेतला. पानवाला नाही. तो नवसीताईंच्या शेतातला... हो, मागच्या वेळचाच. मऊ होतो ना तो.” बोलताना तिचं बोट चेहऱ्याच्या हनुवटीखाली, अक्षरांवरून फिरत होतं.

शलाकाच्या तोंडाशी शब्द आले होते. अगं, याच त्या. याच नवसीताई. तिने अर्धं पाऊलही टाकलं. आणि नवसीताईंचा हात तिच्या मनगटावर आला. दाबला नाही, नुसता ठेवला. मुलीने पाकीट टोपलीत टाकलं — उभं, पडू नये असं — नवसीताईंकडे बघून ओळख नसलेल्या माणसाला देतात तसं एक हसू दिलं, आणि गेली.

नवसीताई तिच्या पाठीकडे बघत होत्या. “माझा नाव घेतला तिना.”

“हो.”

“शेतातला म्हनाली. माझ्या शेतातला.” त्या वळल्या. पोतं खांद्यावरून उतरवत नितीन नुकताच आत आला होता. “नितीन, हितं ये. ह्या हनुवटीखाली काय लिवलाय, वाच.”

नितीनने पाकिटाकडे पाहिलंही नाही. “नाव हाय तुझं.”

“वाच म्हनलं ना.”

त्याने वाचलं. हलक्या आवाजात, पण दुकान शांत होतं. “नवसीताईंच्या शेतातून, तुमच्या ताटात.”

ओळ सुंदर होती. शलाकाला ती पाठ होती. पाकिटाची रचना करणाऱ्या मुलाने ती शेवटी सुचवली होती, सगळ्यांनी वाचली होती, सगळ्यांना आवडली होती. ती इतकी बरोबर वाटत होती की ती खरी आहे का, हा प्रश्न तिला शिवलाच नव्हता. आता नवसीताई ज्या शांतपणे उभ्या होत्या, त्यावरून तो तिला पडला.

“ह्यात माझा दाना नाय, बाय,” नवसीताई म्हणाल्या. “माझं शेत डुकरांनी लोलवला, कापनीच्या तोंडावर. फोटो काढला तवा उभा हुता भात, मागून गेला. ह्यो भात कौसाबाईचा हाय, धाकलूच्या घरचा हाय, पल्याडच्या दोन घरांचा हाय. मी निवडला, मी पाखडला, पोत्यांत मी भरला. पन पिकवला नाय.”

“काकी, एक ओल हाय ती,” नितीन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. “कोन वाचतंय? फोटो बगतात, उचलतात. ठान्याचं झालं तर रोज टेम्पो भरंल. पोती पडून हायेत घरात, तुला म्हाईत हाय. कौसाबाईला विचार, ती पन हेच बोलंल.”

कोन वाचतंय... शलाकाला हे नितीनपेक्षा जास्त माहीत होतं. तिच्या तक्त्यातच होतं ते: वाचणारे फार थोडे, आणि जे वाचतात त्यांतलेही बरेच मागची बाजू वाचतात, तारीख वाचतात. ही ओळ डोळ्यांखालून नुसती जाते, ऊब देऊन जाते. नितीन खरं बोलत होता. आणि त्याच्या बाजूला तिचा सगळा अभ्यास उभा होता.

“ह्या पोरीना वाचला ना,” नवसीताई म्हणाल्या. “आयला सांगितला तिना.”

नितीन वळला. बाहेर जाऊन टेम्पोच्या फळीवर बसला.

शलाकाने विचारलं, “मग तिला सांगितलं का नाही, की तुम्हीच त्या? मी सांगणार होते.”

“तवा मना ठावं नव्हता काय लिवलाय.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “तशी पन नसती सांगितली. तिला लाज वाटली असती. मना सांगितला ना, काकी जरा बाजूला हो... तो आठवला असता तिला. मंग भात खाताना त्योच आठवला असता. कशाला?”

शलाका त्यांच्याकडे बघत राहिली. त्या पोरीने त्यांना ओळखलं नाही, आणि ही बाई त्या पोरीच्या जेवणाची काळजी करत होती. इतकी वर्षं मी माणसांचे हात पाहिले, निवडताना, आणि मला वाटत आलं की माणूस सगळ्यात चांगला असतो तो कुणी पाहत नसताना. आणि ही... हिच्याकडे तर सगळे पाहत होते, रॅकवर रांगेने उभी होती ही, आणि तरी... तिला शब्द सापडेना. अशा वेळी तिला नेहमी शब्द सापडत. ते तिचं कामच होतं.

तिने मॅडमना फोन लावला. सांगितलं सगळं, डुकरांपासून ओळीपर्यंत, एका दमात.

“मला ती ओळ फार आवडली होती,” मॅडम म्हणाल्या. मग, “पाकिटं खाली काढ. चेहऱ्याची सगळी. आता लगेच. सनीला मी सांगते.”

“आणि अभ्यास?”

“लिहू ना. चेहरा चालतो असं लिहू, ते खरंच आहे. आणि त्याच्याखाली जे लिहिलं होतं ते खरं नव्हतं, हेही लिहू.”

“मग तो कुणी छापेल का, मॅडम?”

“नाही छापणार बहुतेक.” त्या हे असं म्हणाल्या की जणू उद्या पाणी येणार नाही, आज भरून ठेवा असंच सांगत होत्या. “ठाण्याशी मी बोलते. जाईल कदाचित. ओळ काढून फक्त चेहरा चालेल का विचारते. पण ते नवसीताईंनी ठरवायचं. त्यांना फोन दे.”

शलाकाने स्पीकर लावून फोन दिला; नवसीताईंनी तो कानाला लावला नाही, तोंडासमोर धरला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे सबंध दुकानाला ऐकू जाईल असं, बोलल्या. हो. नाय. मी इचारते घरी. मग म्हणाल्या, “चेहरा लावायचा तर कौसाबाईचा लावा. सगल्यात जास्त भात तिचा हाय ह्यात.”

दाराशी परत आलेल्या नितीनला राहवलं नाही. “कौसाबाई हसत नाय कवा, काकी. फोटोत तर बिलकुल नाय. पोरं घाबरतील.”

“नाय हसत तर नाय,” नवसीताई म्हणाल्या. “भात हाय ना तिचा.”

फोनमध्ये मॅडम हसल्या, आणि मग हसणं थांबल्यावरही काही बोलल्या नाहीत. शलाकाला कळलं, त्या विचार करतायत. खरंच विचार करतायत, की न हसणारा चेहरा लावला तर हात कुठे जाईल.

पाकिटं तिघांनी मिळून उतरवली; सनीने खोके आणून दिले, फक्त एवढंच विचारलं, “ज्यांनी नेली त्यांना काय बोलू?” खोके नितीननेच उचलले, आणि उचलताना पाकिटं आत उलटी पडणार नाहीत याची काळजी घेतली, हे शलाकाने पाहिलं. त्याला राग होता. तो त्याचा हक्कच होता. त्याचा टेम्पो रोज भरला असता. नवसीताईंनी परवानगीचं काही सांगितलं नाही, हो नाही की नाही नाही. पाड्यावर सगळ्या बसतील, बोलतील, मग कळवतो म्हणाल्या. जाताना त्यांनी दुकानातून मुलाबाळांसाठी म्हणून खारी घेतली आणि पैसे नितीनकडून न घेता आपल्या कमरेच्या पिशवीतून मोजून दिले. रॅकपुढून जाताना त्या थांबल्या नाहीत. तिथे आता मोकळी फळी होती, आणि त्यांना त्यात काही पाहण्यासारखं वाटलं नसावं.

संध्याकाळी रिक्षा अंबरनाथ पूर्वेला बाजाराच्या तोंडाशी सोडते तिथे शलाका उतरली. भाजीवाल्या रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, दिवे नुकते लागत होते. ती एकीपुढे थांबली. लाल माठाच्या जुड्या होत्या, मुळांना ओली माती, पाणी मारून ताजी ठेवलेली पानं. ती रोज इथूनच जाते. आज खाली वाकून तिने विचारलं, “मावशी, ही कुठून येते?”

भाजीवालीने वर पाहिलं. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं, ते शलाकाला दिसलं — गावाचं नाव, कुठलंही, ताजेपणा सांगणारं. हजार वेळा दिलेलं. मग, का कोण जाणे, ती बाई थांबली.

“कल्याणच्या मार्केटातून आणते मी,” ती म्हणाली. “त्याच्या मागचं मला नाही माहीत, ताई.”

“बरं,” शलाका म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली. मागून लोक जात होते, धक्के लागत होते. ‘नाही माहीत’ — किती दिवसांनी असं काही ऐकलं होतं, विकणाऱ्याच्या तोंडून. आणि ते ऐकून पालेभाजी कमी चांगली वाटायला हवी होती, तसं पाकिटांबद्दलचं सगळं शास्त्र सांगतं, पण तिला ती जुडी हातात घ्यावीशी वाटत होती, हातात घेऊन जड आहे का पाहावंसं वाटत होतं. तिने घेतली. माती तिच्या बोटांना लागली.

कौसाबाईला तिने कधी पाहिलं नव्हतं. कशी असेल... तिने डोळ्यांसमोर एक चेहरा आणायचा प्रयत्न केला, न हसणारा, कॅमेऱ्याकडे संशयाने पाहणारा, दात गेलेला कदाचित, आणि त्याच्या मागे उभं भात. आणि मग थंड हवेतला तो रॅक, आणि येणारं कुणीतरी, कानात इअरफोन, हात पुढे. हात थांबला. चेहऱ्यासमोर थांबला, आणि ती पाहत राहिली, पुढे काय होतं ते. नेहमी ती अशी पाहायची तेव्हा तिला काहीच हवं नसायचं — हा हात डावीकडे जावो की उजवीकडे, तिचं काम पाहण्याचं. पण आता, संध्याकाळच्या गर्दीत, ओल्या मातीच्या बोटांनी जुडी धरून उभी असताना, त्या हाताने तो न हसणारा चेहराच उचलावा असं आपल्याला वाटतंय, हे तिला इतकं स्वच्छ कळलं, की ती जराशी घाबरली.

भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली होती. शलाका उभीच होती.